हेमाआत्याच्या म्हशी

निगवेकरांच्या घरात सकाळी दोन गोष्टी हमखास उकळायच्या, एक चहा आणि दुसरा वाद. वाद बहुधा रंगावरून असायचा. त्या दिवशी मात्र चहा गाळून झाला तरी कुणी वादाला तोंड फोडलं नाही, कारण सगळे स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर बाबांनी काढलेली लाल कर्दळ होती. खिडकीतून ऊन आलं की ती रोज हळूहळू उजळायची आणि संध्याकाळी आपोआप मंद व्हायची. आज ऊन येऊन अर्धा तास झाला तरी तिने रंग धरला नव्हता. पाकळ्यांच्या कडा कालच राखाडी झाल्या होत्या, आता देठही चालला होता.

"नववा दिवस," बाबा लेकीकडे, वल्लरीकडे बघून म्हणाले. 

एका कर्दळीसाठी कोण रडत बसतं? पण ही कर्दळ उरलेल्या रंगातून काढली होती आणि तो रंग जिथून उरला होता ती भिंत चाळीस फूट लांब होती. कोल्हापूरच्या नव्या बसस्थानकाच्या त्या भिंतीवर निगवेकर मंडळींनी मिळून एक मोठं चित्र काढलं होतं, वल्लरीच्या रंगात. एकवीस दिवसांनी विज्ञान निधीची समिती ते बघायला येणार होती. तिसाव्या दिवशी चित्र जिवंत असलं तर वल्लरीचं संशोधन पुढे चालणार, मेलेलं असलं तर तिची प्रयोगशाळा बंद. याआधीची दोन चित्रं मेली होती. चौथी संधी मिळणार नव्हती.

वल्लरी ही या घरातली चित्र न येणारी एकटीच. बाबा, म्हणजे उदय निगवेकर, माणसांचे चेहरे रंगवण्यात नावाजलेले. आई कशिद्याच्या टाक्यांनी आख्खी बाजारपेठ उभी करायची. बाबांची थोरली बहीण हेमाआत्या तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली होती आणि तिच्या हाताखालची मुलं एलिमेंटरीच्या परीक्षेत रांगेने अ श्रेणी मिळवायची. त्याच परीक्षेत तिची सख्खी भाची नापास झाली. सरावासाठी वल्लरीने काढलेली गाय बघून आत्याने "खुर्ची बरी जमलीय" असं म्हटलं होतं, आणि ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायची. वल्लरीही हसायची. पण ती पुढे सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाकडे वळली त्यामागे त्या गाईचा हात होताच.

तिने केलेल्या रंगाला ती जीवरंग म्हणायची. त्यात खनिज नव्हतं की रसायन नव्हतं, होते ते निरुपद्रवी जीवाणू. कुठला जांभळा रंग तयार करायचा, कुठला पिवळा, कुठला विटकरी. समुद्री शेवाळापासून काढलेल्या खळीत ते मिसळायचे आणि ब्रशने भिंतीवर लावायचे. जोवर ते जिवंत, तोवर रंग ताजा. ऊन लागलं की उजळ, पाऊस लागला तरी पक्का, ओरखडा उठला तर आतून भरून येणारा. अडचण एकच होती. आठ-नऊ दिवसांत खळीतलं अन्न संपायचं आणि चित्र राख व्हायचं. वरून साखरपाणी दिलं तर जीवाणू असे माजायचे की पागोट्याचा लाल गालावर आणि गालाचा पिवळा मिशीत. उपाशी ठेवा तर मरतात, खायला घाला तर हद्द सोडतात. दोन वर्षं वल्लरी या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत होती.

चहा तसाच टाकून ती बसस्थानकावर गेली. विनाचालक बसगाड्या शिस्तीत लागत होत्या आणि लोक भिंतीकडे न बघता पुढे जात होते, यातच सगळं आलं. चित्र पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीचं होतं. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं खोवलेल्या सात म्हशी, त्यांच्यापुढे हलगीवाले, भोवती पन्नासेक माणसं. बाबांनी रंगवलेले चेहरे सगळे राखाडी पडले होते. आईने काठापदरांवर घातलेली वेलबुट्टी गेली होती. आभाळ गेलं होतं. 

मग ती जवळ गेली आणि थबकली. म्हशी जिवंत होत्या. काळ्या अंगावर निळसर झाक, शिंगांवर तांबडे-पिवळे पट्टे, सगळं काल काढल्यासारखं. सातापैकी सहा. शेवटची तेवढी बाकीच्या चित्रासारखीच राख झाली होती.

म्हशी हेमाआत्याच्या होत्या. जनावर काढावं तर तिनेच, हे बाबाही मानत. पण रंग त्याच बाटल्यांतला, भिंत तीच, ऊन तेच. वल्लरीने डोकं खाजवलं आणि तिला जे सुचलं ते घरी येऊन तिने सरळ विचारून टाकलं. आत्याने बाजारातला रंग तर नाही ना मिसळला?

आत्या अंगणात ब्रश धूत बसली होती. तिचे हात थांबले. कोल्हापूरच्या कित्येक बायकांसारखी ती स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलायची, आणि रागावली की आवाज उलट खाली जायचा.

"तीस वर्षं पोरांना एकच शिकवलं मी. दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा न्हाई," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या रंगात भेसळ करतो व्हय?"

चित्रकाराच्या घरात याहून मोठा आरोप नसतो हे वल्लरीला बोलल्यावर कळलं.  आत्याने ब्रश झटकले आणि ती आत निघून गेली. दुपारी जेवतानाही ती वल्लरीशी बोलली नाही, भाजी वाढली ती मात्र नेहमीसारखी दोनदा.

संध्याकाळी वल्लरीने म्हशीच्या शिंगावरचा कणभर रंग खरवडून आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाजारातल्या रंगाचा मागमूस नव्हता. होते ते तिचेच जीवाणू, धष्टपुष्ट, आणि नवल म्हणजे आपापल्या हद्दीत. तांबडा पिवळ्यात शिरला नव्हता. दोन वर्षांत असं दृश्य तिने एकदाही पाहिलं नव्हतं. ती तशीच उठून आत्याकडे गेली आणि चुकलं म्हणाली. आत्या नुसतं "बरं" म्हणाली, पण तिने पानाचा डबा पुढे सरकवला. म्हणजे मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वल्लरीने आत्याला अंगणाच्या भिंतीवर एक म्हैस काढायला सांगितली, अगदी तिथे काढली तशी. स्वतः वही घेऊन समोर बसली. ब्रश कसा धरते, किती दाबते, खळ किती घेते, सगळं टिपत गेली. आत्याने परीक्षक समोर बसल्यासारखी बिनचूक म्हैस काढली. दर रेघेनंतर ब्रश स्वच्छ पाण्यात, मग फडक्यावर, मग रंगात. दुपारी वल्लरीने नमुना तपासला. जीवाणूंचा श्वास मोजण्याचं तिचं यंत्र काही तासांतच सांगायचं की रंग किती दिवस तगणार. ते सांगत होतं, नऊ दिवस. बाकीच्यांसारखेच.

ती हात टेकून पायरीवर बसली. बाबा शेजारी येऊन बसले. सातव्या म्हशीचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. तीही आत्यानेच काढली होती, मग ती का मेली? वल्लरीने वही पुन्हा उघडली. भिंतीपाशी आत्या उगाच त्या म्हशीच्या कानावर ब्रश फिरवत होती. आता कुणी बघत नव्हतं म्हणून तिने चहाचा ग्लास शेजारी आणून ठेवला होता. दूध तिला चालत नसे, त्यामुळे चहा नेहमीचा कोरा आणि कोल्हापुरी गूळ घातलेला.

आई दारातून म्हणाली, "वन्सं, तो ग्लास आधी उचला तिथनं. परत त्यातच ब्रश बुडवाल आणि परत तोच पिऊन टाकाल."

या घरात हे नवीन नव्हतं. चित्र काढणाऱ्याच्या एका बाजूला पाण्याचा ग्लास असतो, एका बाजूला चहाचा, आणि रंगात गुंगलेला हात चुकतोच. बाबांनी आयुष्यात दोनदा जांभळं पाणी प्यायलं होतं. आत्याची खोड उलटी होती, तिचा ब्रश चहात जायचा, दर चार रेघांनी एकदा, आणि तिला ते कळायचंही नाही. वल्लरी लहानपणापासून हे बघत आली होती आणि म्हणूनच ते तिला कधी दिसलं नव्हतं.

ती सावकाश उठली. "आत्या, सातवी म्हैस काढताना तुझ्याकडे चहा होता?"

आत्याने आठवून पाहिलं. "कुठला? संपला होता की. घसा कोरडा पडलेला माझा. तशीच उरकली ती."

त्यानंतर दोन दिवस निगवेकरांच्या घरात पाण्यापेक्षा कोरा चहा जास्त झाला. कमी गुळाचा, जास्त गुळाचा, पातळ, दाट. वल्लरी थेंब थेंब तपासत होती आणि आई पातेली घासत होती. उत्तर हाती आलं ते इतकं सरळ होतं की तिला हसू आवरेना. गूळ जीवाणूंची भूक भागवत होता, साखरेत नसलेली खनिजंही त्यातून मिळत होती. आणि चहात टॅनिन असतं, ज्याने जीभ तुरट होते ते. ते त्यांना माजू देत नव्हतं, हद्दीत ठेवत होतं. खाऊ आणि लगाम, दोन्ही एकाच ग्लासात. प्रयोगशाळेत ती अन्न वेगळं शोधत होती आणि लगाम वेगळा.

तेराव्या दिवशी सगळं घर पुन्हा परांचीवर चढलं. या वेळी सगळ्यांच्या खळीत मोजून चहा होता, आणि पुढे रोज सगळ्या भिंतीवर चहाचाच फवारा मारायचा असं ठरलं होतं. मेलेल्या रंगावर नवा रंग चढवत बाबांनी एकेक चेहरा जागा केला, आईने पदरांवर वेल फिरवली. आत्याने सातव्या म्हशीच्या शिंगांना पट्टे ओढले आणि ती रागाने म्हणाली की इतकं चहापाणी हिच्या बहिणींनाही मिळालं नव्हतं. शेवटी कोपऱ्यातला एक माणूस उरला, खांद्यावर पंचा टाकलेला, मिरवणूक बघणारा. तो बाबांनी स्वतःवरूनच काढला होता. बाबा ब्रश ठेवून खाली उतरले.

"हा राहू दे असाच," ते म्हणाले. "आधी काय होतं, ते कुणाला तरी दाखवायला नको?"

स्वतःचा चेहरा राख ठेवणारा चित्रकार वल्लरीने दुसरा पाहिला नाही. तिला भरून आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

तिसाव्या दिवशी समिती आली. अध्यक्ष डॉ. ढवळीकर या मोजक्या बोलणाऱ्या बाई होत्या. बसस्थानकावर गर्दी होती, पण आज लोक भिंतीकडे पाठ करून उभे नव्हते. सकाळचं ऊन भिंतीवर चढत गेलं तसा एकेक चेहरा उजळत गेला, मग पागोटी, मग हलग्या, आणि सगळ्यांत शेवटी सातही म्हशींची शिंगं एकदम पेटल्यासारखी झाली. कुणीतरी टाळी वाजवली, मग थांबलेल्या बसमधल्या लोकांनीही वाजवली. समितीतल्या एकाने घाईने आपलीही वाजवून घेतली. ढवळीकरबाई राखाडी माणसापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी वळून विचारलं की या रंगाला पोषण कशाचं दिलंय.

"गुळाच्या कोऱ्या चहाचं, मॅडम," वल्लरी म्हणाली. "शोध यांचा आहे. हेमलता निगवेकर. शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच आहे."

आत्या बावरून बाबांच्या मागे सरकली. "शोध कसला. खोड हाय ती," ती पुटपुटली, पण पदर तिने सारखा केला आणि फोटोला मधोमध उभी राहिली.

संशोधन पुढे चालणार होतंच, शिवाय समितीला आणखी वीस भिंती हव्या होत्या, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या. हे ऐकताना वल्लरीचे पाय जमिनीवर नव्हते. मंडळी पांगल्यावर बाबांनी तिच्या हातात ब्रश दिला. चित्राखाली सगळ्यांची नावं होती, एक जागा मोकळी ठेवलेली होती. ती म्हणाली, मी एक रेघही काढलेली नाही. बाबांनी फक्त भिंतीकडे बोट दाखवलं. मग तिने नाव लिहिलं, वाकडंतिकडं, एलिमेंटरीला नापास झालेल्या हाताने, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या वाकडेपणाची लाज वाटली नाही.

ब्रश परत देताना तिची नजर पहिल्या म्हशीवर गेली. शिंगाच्या टोकाशी, शेवटच्या तांबड्या पट्ट्याच्या पुढे, एक बारीक रेघ होती. पट्ट्यासारखीच वळलेली, तशीच शेवटाला निमुळती होत गेलेली. रंग हद्दीबाहेर पसरला असता तर डाग पडला असता. हा डाग नव्हता.

"ही तू नंतर काढलीस?" तिने आत्याला विचारलं.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. नाही म्हणाली. बाबांनीही मान हलवली. चित्राला ब्रश लागून सतरा दिवस झाले होते, आणि या म्हशीला तर तीस. तेव्हापासून तिला हात लावला होता तो फक्त फवाऱ्यातल्या चहाने. दोन पट्ट्यांमध्ये सोडलेलं अंतर सगळीकडे सारखं होतं. नेमकं तेवढंच अंतर सोडून ही रेघ उमटली होती. जीवाणूंना वळण कुठून कळलं, आणि थांबायचं कुठे हे कुणी सांगितलं? वल्लरी मनातल्या मनात कारणं लावू लागली आणि एकही पुरेसं पडेना.

आत्या मात्र शिकवायची तशी मान तिरकी करून रेघ निरखत होती. वर बघितलं, खाली बघितलं, बोट हवेत तिच्यावरून फिरवलं.

"हात बरा हाय," ती शेवटी म्हणाली. "एलिमेंटरीला पास होईल." मग चित्राखालच्या नावांच्या ओळीकडे वळून तिने वल्लरीला विचारलं, "पण गं, हिच्याखाली नाव कुणाचं घालायचं?"