शेंदराची रेघ

विजयमालाआक्कांनी भावासाठी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. कराडच्या दवाखान्यात खाटेवर मांडी घालून नाथाजी त्या सोलत होता. फौजेतून सुभेदार होऊन आलेला गडी. पण आठवड्यात दोनदा त्याचा उजवा हात लुळा पडून पुन्हा ताळ्यावर आला होता.

डॉक्टर सुमैरांनी पडद्यावर मेंदूच्या तळाचं चित्र दाखवलं. "मानेतली डावी धमनी साफ करायची, तर थोडा वेळ बंद ठेवावी लागेल. तेवढ्यात रक्त रक्तवाहिन्यांच्या या वर्तुळातून फिरून येतं. पण यांची पुढची वाट बारीक, आणि मागची डावी जोडनळी तर नाहीच. केलं तरी भीती, नाही केलं तरी भीती. उद्या सकाळी पुन्हा पाहू, मग ठरवू."

"आक्का, गोळ्यांतनं वाचलो आन् नळीत अडकलो बग."

आक्कांना हसू आलं नाही. ती मोकळी जागा त्यांनी पूर्वी पाहिली होती.

पंचेचाळीस वर्षांमागं आक्का गावातल्याच एका वैद्यकीय कॉलेजात शरीराचे तक्ते रंगवत. समोर एका बेवारस बाईचा मेंदू होता. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिपाई धनाजीनं त्यांत खळीत कालवलेला शेंदूर भरला होता. डावीकडं तो पुढं गेलाच नाही. तिथं मागची जोडनळीच नव्हती.

"वर्तुळ पूर्ण काढा," शरीरशास्त्राचे सर म्हणाले.

"नसलेली नळी काढू?"

सर हसले. "माणसाच्या मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, असं तेराशे वर्षं शिकवत होते. ते होतं बैलामेंढरांच्या डोक्यात! तरी माणसाचं डोकं उघडलं की लोकांना ते दिसायचं. मग तीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरानं एका बाजूनं रंग सोडला, तो दुसऱ्या बाजूला निघाला, तेव्हा हे वर्तुळ पटलं. मुलांना वर्तुळच लागतं, बाई."

लाल रंग संपला होता. आक्कांनी धनाजीच्या वाटीतला शेंदूर घेतला. नसलेल्या नळीची रेघ ओढताना तासाची घंटा झाली, हात दचकला, आणि मधोमध बारीकसा वळसा पडला. तो तसाच राहिला.

डॉक्टरांचं ऐकून त्याच दुपारी आक्का पुन्हा त्या कॉलेजात गेल्या. तक्ता जुन्या दालनात, बरण्यांच्या वर टांगलेला होता. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, खाली बसतच नव्हती. सगळे रंग विटले होते. ती एक रेघ तेवढी ताजी. कुठूनसा खळीचा वास आला.

आक्कांनी बोट टेकवलं.

रेघ ओली होती. कोमट होती.

"बाई, नेऊ का?" कुणाला विचारलं, त्यांनाही कळलं नाही. शेंदूर भरलेल्या त्या मेंदूची बरणी खालीच होती; तिच्यातलं पाणी हललं.

संध्याकाळी त्यांनी ते बोट नाथाजीच्या डाव्या कानामागं टेकवलं.

"कुठल्या मारुतीचा गं?"

"हाय एक. जुन्या वळखीचा."

सकाळी डॉक्टर सुमैरांनी पडद्यावर नवं चित्र कालच्या चित्राशेजारी लावलं.

"जोडनळी आहे की! काल कशी दिसली नाही? चांगली रुंद आहे. करूया ऑपरेशन." मग त्या पुढं वाकल्या. "मधोमध वळसा आहे जरासा. कुणाचा हात दचकावा तसा."

आक्कांनी बोट पदराखाली घेतलं. तीनदा धुऊनही ते ओलंच होतं.

आणि त्या शेंदरात बारीक ठोका पडत होता.