आईसाठी न धुतलेली वजडी

"वजडी धुऊ नका," तो म्हणाला. "आहे तशीच द्या."

वसीलाचा सत्तूर हवेतच थांबला. महदिया बंदराच्या बाजारात न धुतलेली वजडी आजवर कुणी मागितली नव्हती. उलट इथल्या बायका धुतलेली वजडी घरी नेऊन पुन्हा मीठ-लिंबानं खसाखसा चोळायच्या. तिनं मान वर करून पाहिलं. उंच, सावळा, बोलण्यात वाळवंटाकडचा हेल आणि अंगाला डिझेलचा वास. बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा असावा. डोळे मात्र… डोळे चांगले होते, आणि तिला नेमकं तेच खटकलं. चांगल्या डोळ्यांच्या माणसांवर जरा जास्तच नजर ठेवावी लागते.

"न धुतलेली कोण खाणार?"

तो घुटमळला. "आई… आईला तशीच आवडते. आणि कोंबडीच्या माना, दिल, थोडी कलेजी. हाडासकट."

"खिमा करून देऊ? मशीन आहे."

"नको, नको!" तो इतक्या घाईनं म्हणाला, की वसीलाच्या मनात पाल चुकचुकली.

त्याचं नाव मबरूक. पुढे तो एक दिवसाआड येऊ लागला. मागणी तीच, उत्तर तेच, आणि खिम्याचं नाव काढलं की तीच घाई. शिवाय बोटांवर दर वेळी नवा काप. इंजिनानं असे काप पडत नाहीत, सुरीनं पडतात. हे खाटकाच्या मुलीला कुणी सांगायला नको.

"तुमच्या आईचे दात भलतेच मजबूत असतील," एकदा ती म्हणाली.

"कुणाचे?"

"आईचे. हाडं खातात ना त्या."

"हां… दात. दात एकदम छान आहेत तिचे." त्याचे कान लाल झाले. इथल्या रीतीप्रमाणे तिला मानानं लल्ला म्हणत त्यानं विचारलं, "लल्ला वसीला, तुम्ही नेहमी अशा संशयानं का बघता?"

"मी सगळ्यांकडे अशीच बघते."

"अरेरे. मला वाटलं, फक्त माझ्याकडेच बघता."

ती मान वळवून हसली. पुडीत कोथिंबिरीची जुडी जास्तीची गेली, आणि दिवसभर ती स्वतःवरच चिडत राहिली. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून खोटं पचवायचं, ही लबाडांची जुनी रीत. आणि आपण त्या रीतीला हसलो होतो.

मग बाजारात एक बातमी आली. कुणाच्या तरी लग्नात उस्बान खाऊन निम्मं वऱ्हाड आडवं झालं होतं. उस्बान म्हणजे भात-मसाला भरून शिजवलेली वजडी. ती नीट धुतली नाही तर काय होतं, हे महदियातलं शेंबडं पोरही सांगेल.

"कुणाकडून आली असेल गं वजडी?" शेजारची मन्नूबिया सगळ्या बाजाराची खालती, म्हणजे मावशी; तिनं गल्ल्यावर कोपर टेकून विचारलं. तिला विचारायचं काय होतं ते तिच्या भुवयांनीच विचारलं. "तो दक्षिणेकडचा पोरगा तुझ्याकडून नेतो म्हणे. न धुतलेली."

वसीलानं ओटा पुसायला घेतला. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तिनं सत्तूर हाती घेतला, तेव्हापासून अख्खा बाजार टपून बसला होता. बाईमाणूस खाटीक, किती दिवस टिकते बघू, असं लोक तोंडावर म्हणायचे. दुकानाचं नाव, एवढंच तिच्याकडे होतं. ते गेलं की वडिलांचं औषधही गेलं. आणि हा गोडबोल्या तिचीच वजडी लग्नाच्या आचाऱ्यांना विकत असला तर? हातानं कापत होता ते मशीनमध्ये पुरावा राहू नये म्हणून?

त्याच दुपारी तो पुडी घेऊन निघाला. वसीलानं लोखंडी दार ओढलं आणि ती त्याच्या मागे गेली. बंदराच्या मागच्या गल्लीत, खारट वाऱ्यात वाळत घातलेल्या जाळ्यांमधून तो एका निळ्या दारात शिरला. तिनं ओढणी सावरली नाही की दम घेतला नाही. सरळ कडी वाजवली.

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. समोरचे दोन दात नव्हते.

"खालती," वसीला म्हणाली, "तुम्ही न धुतलेली वजडी खाता?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. मग आत वळून ओरडली, "मबरूक, ये इकडे. गावभर माझं काय काय सांगत फिरतोयस तू?"

मबरूक बाहेर आला तो हातात सुरी घेऊनच. त्याच्या मागून एक लांब पायांची, फासळ्या दिसणारी वाळूच्या रंगाची कुत्री आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. अंगणात परात होती. कापलेली वजडी, ठेचलेल्या माना, किसलेलं गाजर, वर कच्चं अंडं.

"ही रीह," तो खाली बघत म्हणाला. "सशांमागे पळायची, बाबांबरोबर. बाबा गेले आणि हिनं खाणं सोडलं. उकडलेलं काही पोटात ठरत नाही. शिजलेलं हाड तर फुटून आतड्यात घुसतं. बाबा हिला हेच द्यायचे, कच्चं, न धुतलेलं. त्यानं उभी राहिली आता."

"मग खोटं कशाला बोललात?"

"आमच्याकडे वाळवंटात, दूझला, असल्या शिकारी कुत्रीला तंबूत जागा असते. इथे मी पहिल्या खाटकाला खरं सांगितलं. म्हणाला, हलाल केलेलं जनावर कुत्र्याला? दुकानातून हाकललं. दुसऱ्यानंही तेच केलं."

"आणि खिमा? मी दर वेळी विचारत होते. बोटं कापून घेत होतात, पण मशीन नको?"

तो आता तिच्याकडे बघत होता. "त्या मशीनमधून लोकांच्या घरचा खिमा जातो. त्यातून कुत्र्याचं खाणं गेलं हे उद्या कुणाला कळलं असतं, तर… माझं काय, मी दुसरं दुकान शोधलं असतं. तुम्ही कुठे गेला असता?"

ज्या गोष्टीवर वसीलानं सगळ्यात जास्त संशय घेतला होता, ती त्यानं तिच्यासाठी केली होती. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मन्नूबिया आणखी चार बायका घेऊन आली. "आज स्पष्ट सांग, पोरी. कुणासाठी नेतो तो?"

आज त्याचा यायचा दिवस नव्हता, तरी मबरूक दाराशीच उभा होता. "मी इथून वजडी नेतच नाही, खालती," तो म्हणाला. "दुसरीकडून नेतो."

"खोटं बोलतोय तो," वसीला म्हणाली. "माझ्याकडूनच नेतो. कुत्रीसाठी. मशीनमध्ये ते कधी गेलं नाही, त्यानंच जाऊ दिलं नाही. लग्नात कुणाची वजडी शिजली ते अल्लाला ठाऊक. माझी तर कुत्रीच्या पोटात गेली."

"आणि हे तुला कसं माहीत?"

खरं बोलायचं तर पुरतंच बोलायला हवं होतं. वसीलानं सत्तूर खाली ठेवला.

"मी पाहिलंय. त्याच्या घरी जाऊन."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुत्र्याला मटण घालणं एकवेळ चाललं असतं, पण लग्नाच्या वयाची मुलगी परक्या पुरुषाच्या घरी… हे असं चारचौघींत बोलून टाकलं, की मागे फिरायला वाट उरत नाही. वसीलाला ते बोलल्यावर कळलं. का, कुणास ठाऊक, पण तिला परत फिरायचंही नव्हतं.

"आई होती घरात," मबरूक चाचरत म्हणाला. "आणि… आई शुक्रवारी यायचं म्हणतेय. लल्लाच्या वडिलांकडे, मागणी घालायला. म्हणजे, लल्ला हो म्हणाली तर."

"आई म्हणतेय?" वसीलानं डोळे बारीक केले. "खरं सांग."

"नाही." तो एक पाऊल पुढे आला. "मी म्हणतोय. आईला मी अजून विचारलेलंही नाही."

"मग जा," ती म्हणाली, "आधी तिला विचार. शुक्रवारी आम्ही घरीच असतो."

तो अक्षरशः पळाला. मन्नूबियानं पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि आपल्या ओढणीनं तोंड झाकून हसू लपवत अर्धा किलो खिमा मागितला.