पंच्यातले पाच महिने

जास्त खायचं आणि कमी चालायचं, हे माणसाच्या बाबतीत समजू शकतं. पण एखादी गाडी असं का वागेल?

आमच्या हरणीनं त्या वर्षी नेमकं हेच आरंभलं होतं. हरणी म्हणजे माझ्या आजोबांची जुनी जीप. गाईचं नाव गाडीला ठेवलं म्हणून लोक हसायचे, तर आजोबा म्हणायचे, "दूध देत नसेल, पण हंबरते की!" मी, इरावती, तेव्हा दहा वर्षांची होते. रस्त्यावरच्या बाकीच्या सगळ्या गाड्या विजेवर आणि स्वतःच्या बुद्धीनं चालायच्या. पेट्रोल पिणारी, हातानं हाकायची अशी सोनघळ गावात हरणी एकटीच उरली होती. जुन्या गाडीला सरकारकडून महिन्याला ठरावीकच पेट्रोल मिळे. पूर्वी एका लिटरमध्ये ती दहा किलोमीटर चढ चढायची, आता जेमतेम पाच. तेही काळा धूर सोडत, रांगत.

आजोबा हवामान वेधशाळेत (वारा, पाऊस, ऊन मोजण्याच्या ठिकाणी) तीस वर्षं होते. रेडिओवरची हवामानवार्ता तेच लिहायचे. निवृत्त झाल्यावरही ते दर आठवड्याला हरणी घेऊन मोरपठारावर जात आणि तिथल्या उपकरणांची नोंद करून येत. पठाराची वाट कुठल्याच नकाशात नव्हती, आणि नकाशात नसलेल्या वाटेवर शहाण्या गाड्या चाक टाकत नाहीत.

मार्च महिन्यात एकदा ते पठारावरून उतरले, ते एका पाहुण्यांना घेऊनच.

पाहुणे माझ्या गुडघ्याएवढे उंच होते, जांभळट धुक्याचे, आणि एका पारदर्शक पिशवीत राहत होते. जमिनीपासून वीतभर वर तरंगायचे. पाठीवर एक छोटी कुपी होती, तिच्यात त्यांच्या जगातली आठ दिवसांची हवा. आपली हवा त्यांना चालत नव्हती. पर्जन्यमापकाजवळ (पाऊस मोजायच्या नळकांड्याजवळ) ते आजोबांची वाट पाहत उभे होते म्हणे. आजोबांच्या वार्ता त्यांच्या जगात बारा वर्षांनी पोहोचत, आणि त्या ऐकूनच ते मराठी शिकले होते. त्यामुळे ते बोलायचेही तसेच.

"नमस्कार," मला पाहून ते म्हणाले. "सोनघळ आणि परिसरात तुरळक ठिकाणी आनंद झाला आहे."

मला ते इतके आवडले की त्या आठ दिवसांत मी शाळेतून धावत घरी यायची. पाहुणे अंगणात बसून चिमुकल्या बाटल्यांमध्ये आपली हवा भरायचे. हवेत काय काय तरंगतं हे त्यांना पाहायचं होतं. सगळ्याच गोष्टी त्यांना नव्या. आमच्या नळाला बांधलेलं फडकं पाहून त्यांनी हळूच विचारलं होतं, "याला जखम झाली आहे का?"

"नाही हो! पाण्यातला गाळ त्यात अडकतो," मी सांगितलं. ते बराच वेळ नळाशी तरंगत राहिले.

एकच गोष्ट त्यांना खंतावत होती. "आठ दिवसांत आठ दिवसांचीच हवा मिळते," ते म्हणायचे. "वर्षभर तुमच्या हवेत काय येतं आणि काय जातं, ते मला कसं कळणार? पुढचं यान चाळीस वर्षांनी."

आठव्या दिवशी सूर्य मावळताना त्यांचं यान पठारावर उतरणार होतं. त्यांची कुपीही तेव्हाच संपणार होती. पठार चोवीस किलोमीटरवर, सगळा चढ. आणि हरणीच्या टाकीत उरलं होतं तीन लिटर पेट्रोल.

तीन पाचे पंधरा. हे गणित माझ्या डोक्यात सकाळी अंथरुणातच आलं आणि मी रडत अंगणात धावले. वाटेतच हरणी थांबली तर पाहुण्यांचा श्वास तिथेच संपणार होता.

"रडून गाडी चालत नाही, इरे," आजोबा बाह्या सारत म्हणाले. "गाडी काहीतरी सांगतेय. आपण नीट ऐकायचं. चल, उतरंड लावू. सोपं आधी, अवघड नंतर."

गावातल्या गॅरेजचा यंत्रमानव येऊन गेला होता. हरणीभोवती दोन फेऱ्या मारून त्यानं विचारलं, "माझी तार जोडायची खोबण कुठे आहे?" खोबण नाही म्हटल्यावर "मग हे फर्निचर आहे," असा निकाल देऊन तो निघून गेला. आजोबांना त्याचा इतका राग आला, की त्यांनी ओले हात पुसायला पंचा शोधला. पंचा (अंग पुसायचं सुती कापड) दिवाळीपासून सापडत नव्हता, मग राग आणखी वाढला.

आधी चाकं पाहिली. चाकात हवा कमी असली की ते जमिनीवर पसरतं आणि ओढायला जड जातं. मी मापक लावून पाहिलं, चारही चाकं टणक होती. मग आजोबांनी जॅकनं एकेक चाक उचललं आणि मी ते हातानं फिरवलं. ब्रेक चिकटून बसला असेल तर चाक अडखळतं, गाडी चालत असते आणि कुणीतरी मागून धरूनही ठेवत असतं. चाकं गरागरा फिरली. खाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता, त्यावर पेट्रोलचा डाग नव्हता, म्हणजे गळतीही नाही.

मग आजोबांनी हवागाळणी (इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ अडवणारा कागदी डबा) उघडली. आत एक कण धूळ नव्हती.

"वा! पाच महिन्यांत एवढी कोरी? आज्ञाधारक आहे आपली हरणी," असं म्हणून त्यांनी ती परत बसवली.

शेवटी त्यांनी ठिणगीदांडा काढला. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला हा ठिणगी टाकतो. त्याचं टोक भाजलेल्या खोबऱ्याच्या रंगाचं असायला हवं. ते काजळासारखं काळं होतं, बोट लावलं तर बोट काळं.

"पेट्रोल अर्धवट जळतंय," आजोबा म्हणाले. "म्हणूनच तो काळा धूर. अर्धं धुरात जातं, मग ताकद कुठून येणार? पेट्रोल जास्त येतंय कुठून तरी." त्यांनी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल एकमेकांत मिसळणारा भाग) सोडवला, प्रत्येक बारीक भोक उजेडात धरून पाहिलं. सगळं ठाकठीक. दुपार कलायला लागली. आजोबा पायरीवर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पाहुणे तरंगत हरणीच्या बोनेटवर आले.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "ही पेट्रोलची टाकी. दुसरी टाकी कुठे आहे?"

"दुसरी कसली टाकी?" मी विचारलं.

"आमच्या जगात हवाच जळाऊ आहे, तुमच्या स्वयंपाकाच्या गॅससारखी. पण ती एकटी जळत नाही. म्हणून आमच्या गाड्यांमध्ये प्राणवायू भरावा लागतो. आमचं इंधन तेच. जळायला दोघं लागतात ना? मग तुमच्या गाडीतला दुसरा कुठे आहे?"

"तो हवेत असतो. फुकट," मी म्हणाले. पाहुण्यांचं धुकं आश्चर्यानं फिकट झालं.

आजोबा मात्र ताडकन उठले. "अरे देवा! एक लिटर पेट्रोल नीट जाळायला नऊ हजार लिटर हवा लागते, इरे. मी सकाळपासून पेट्रोल जास्त का, पेट्रोल जास्त का करत बसलोय. पेट्रोल जास्त नसेलच, हवा कमी असेल! नीट समजून घे. इंजिन श्वास ओढतं. हवेची वाट अडली की त्याची ओढ वाढते आणि ती सगळी ओढ पेट्रोलच्या नळीवर पडते. मग हवा कमी, पेट्रोल जास्त. जा, वेधशाळेचा कंदील आण, दाखवतो."

कंदील पेटवला. ज्योत स्वच्छ पिवळी, स्थिर होती. "आता खालच्या भोकांभोवती एक ओलं फडकं गुंडाळ, जिथून हवा आत जाते."

मी फडकं गुंडाळलं. ज्योत लांबट, लालसर झाली, थरथरली आणि काचेवर काळी काजळी धरू लागली. ठिणगीदांड्यावर होती तशीच. फडकं काढलं, तर ज्योत पुन्हा उजळली.

आणि मी हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

फडकं. हवेच्या वाटेवर फडकं.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबा म्हणाले होते, "इरे, धूळ ही इंजिनाची वैरीण." हरणीच्या काचेशेजारून एक उंच नळ वर गेलेला आहे, तो तिचं नाक. त्याच्या तोंडावर छत्रीसारखी टोपी असते. मी स्टुलावर चढून ती टोपी उचलली होती आणि आई नळाला बांधते तसं त्या नळाला फडकं बांधलं होतं. चार पदरी, म्हणजे हरणीला धूळ लागायलाच नको. वरून टोपी बसवली आणि विसरून गेले. मला हरणी फार आवडायची हो. म्हणून तर बांधलं होतं.

कुणाचं लक्ष नव्हतं. गुपचूप काढून टाकलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं. मी स्टूल आणलं, टोपीला हात लावला, आणि मला कळलं की हे गिळून टाकणं मला जमणार नाही.

"आजोबा, मीच केलंय ते!" मी रडत सांगितलं. "हरणीचं नाक मीच बांधलंय. तुमच्या पंच्यानं."

आजोबा नळापाशी आले. मग त्यांनी स्वतःच टोपी काढली. चार पदरी पंचा करडा, कडक झाला होता, वरचा पदर तर शेणानं सारवल्यासारखा.

"तू एक चूक केलीस, मी दोन केल्या," ते म्हणाले. "हवागाळणी उघडली, पाच महिन्यांत तिच्यात कणभर धूळ नाही, आणि मी तिचं कौतुक करत बसलो! जिथे धूळ असायलाच हवी तिथे ती नाही, हीसुद्धा नोंद असते. तीस वर्षं नोंदी केलेला माणूस मी, मला हे सुचू नये? आणि दुसरी चूक, पंचा चोरला म्हणून मी धोब्याला बोललो." त्यांनी माझे डोळे पुसायला पंचा उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि बाही वापरली.

मग त्यांनी पंचा उकिरड्याकडे भिरकावायला हात उगारला.

"थांबा!" पाहुणे ओरडले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ते पंच्याभोवती गोल फिरले, पाण्याच्या नळाशी तरंगले होते तसेच. "यानं पाच महिने हवा गाळली आहे?"

आजोबांनी हात हळूहळू खाली आणला. त्यांनी पंचा ओट्यावर पसरला आणि भिंग धरलं. आम्ही तिघं त्यावर वाकलो. सगळ्यात आत, कापडाला चिकटून, दिवाळीच्या फटाक्यांची राख होती. तिच्यावर ज्वारीच्या फुलोऱ्याची पिवळी पूड, मग उसाचं पाचट जाळल्याची काळी कुसळं, आंब्याच्या मोहोराचे कण. सगळ्यात वर होळीचा गुलाबी रंग. हरणी दर आठवड्याला ओढत राहिली होती आणि आमच्या खोऱ्याची हवा थरावर थर साठत गेली होती.

"हे तुमचं," मी म्हणाले. त्यांचं जांभळं धुकं इतकं गडद झालं, की पिशवीत संध्याकाळ भरल्यासारखं वाटलं.

आजोबांनी ठिणगीदांडा घासून बसवला, किल्ली फिरवली, आणि हरणी पाच महिन्यांनी पोटभर श्वास घेऊन हंबरली. धूर नाही. पहिला चढ तिनं गाणं म्हणत चढल्यासारखा चढला. मी मांडीवर पाहुणे, पाहुण्यांच्या पिशवीला टेकलेला पंचा, आणि डोळे पेट्रोलच्या काट्यावर, अशी बसले होते. बाहेर करवंदीच्या जाळ्या मागे पळत होत्या, दरीत ढग सावली टाकत फिरत होता. वाटेवर एकही शहाणी गाडी नव्हती. पठारावर पोहोचलो तेव्हा काटा शून्याच्या जरा वर होता आणि सूर्य डोंगराला टेकला होता.

यान आलं ते एखादं पीस पडावं तसं, आवाज न करता.

"आता हवामान," पाहुणे म्हणाले. "येत्या चाळीस वर्षांत आमच्याकडे तुमची आठवण सर्वदूर राहील. श्वास मोकळा राहील."

"म्हणजे पंचा गेला तो गेलाच," आजोबा डोळे पुसत पुटपुटले. या खेपेला तर बाहीही काळी होती.

आज मी छत्तीस वर्षांची आहे. दूरच्या ग्रहांच्या हवेत काय तरंगतं, ते त्यांच्या प्रकाशावरून ओळखायचं काम करते. एखाद्या ग्रहाच्या हवेत प्राणवायू दिसला की मला वाटतं, तिथे एखादी हरणी असेल, फुकटच्या टाकीवर चालणारी.

गेल्या आठवड्यात आमच्या केंद्रावर एक संदेश आला. बारा वर्षं प्रवास करून आलेला, हवामानवार्तेच्या आवाजात: 'पंच्याचं वाचन चालू आहे. दिवाळी संपली. ज्वारीत आहोत. सगळे रांगा लावून बघतात. होळी अजून लांब आहे.'

मी तो आजोबांना वाचून दाखवला. आजोबा आता चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत, हरणीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. ऐकून त्यांनी पठाराकडे पाहिलं.

"सावकाश वाचा म्हणावं," ते म्हणाले. "आणि कळव त्यांना, आंब्याला यंदाही मोहोर आलाय."