हिरव्या लुगड्याची चिंधी

मधी कुनी हसायचं न्हाई. ज्याला हसायचं आसंल त्यानं आत्ताच घरी जावं. माझा चुलतभाऊ सोपान ट्रक चालवायचा, त्याच्यासंगं घडलेलं सांगतो. सोपान सुपारी बी खात नव्हता, तवा दारूचं काढू नका.

बाहत्तर साल. दुष्काळ. प्रवरेत पानी न्हाई, नुसती वाळू. सोपान देवळाली प्रवऱ्याहून साखरेची पोती भरून मुंबईच्या गोदीत न्यायचा. तिथनं ती बोटीनं परदेशी जायची. आमाला चहाला गूळ मिळंना, आन् साखर चालली समुद्रापल्याड! जाऊ द्या.

गोदीत पोती उचलायला आपल्या गावचाच कोंडीराम व्हता. हिकडं त्याची बायको मनकर्णा कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायची, दाभन आन् सुतळीनं. पोटुशी व्हती. दोघांचं ठरलेलं. बाळ झालं की तिनं डोहाळजेवनाच्या हिरव्या लुगड्याची चिंधी एका पोत्याच्या तोंडाला शिवायची. चिंधी दिसली की त्यानं त्याच ट्रकात बसून घरी यायचं.

कार्तिकातली आवस, मंगळवार. सकाळी सोपान निघायला, आन् मनकर्णा भिंत धरत धरत आली. ट्रकच्या मागच्या फाळक्याजवळच्या पोत्याला चिंधी शिवली. तिच्या तोंडाकडं बघवंना.

"पोरगी झाली, भाऊजी. काल गेली. नदीच्या वाळूत पुरली."

"मग चिंधी कशाला?"

"त्येंनी यावं म्हनून. गेली म्हनून सांगू नका. हितं आल्यावर मी सांगन. एकटीला न्हाई ओ झेपत."

कसारा घाट उतरून सोपान गोदीला पोचला तवा मध्यरात्र उलटलेली. गेटाबाहेर ट्रकांची रांग. तेलाचा आन् मासळीचा वास. केबिनात डोळा लागतोय तोवर मागं फाळक्यावर थाप पडली.

कोंडीराम उभा. निथळत.

"येवढा भिजलास कशानं रं?"

"समुद्र हाय बाबा. हितं कोरडं कोन राहतंय?"

त्याची बोटं पोत्यांवरनं फिरली. चिंधीपाशी थांबली.

"काय झालं?"

"पोरगी."

"कुनावर गेलीया?"

सोपाननं चिंधीकडं बघितलं.

"तुझ्यावर."

कोंडीराम हसला. सोपाननं केबिनाकडं हात केला.

"चल, बस केबिनात. पोती उतरली की निघू."

"तुझा ट्रक लई सावकाश... मी होतो म्होरं."

वळला. एका दिव्याखालनं गेला. पुढच्या दिव्याखाली... आलाच न्हाई.

सकाळी सोपाननं मुकादमाला विचारलं. मुकादम बघतच राहिला.

"कोंडीराम? आरं, सोमवारी बोटीवर चढायच्या फळीवरनं पाय सटकला त्याचा. बोट आन् गोदीचा धक्का, त्याच्या मधी गेला. अंग अजून घावलं न्हाई."

सोपान फाळक्याकडं धावला. पोत्याची शिवन जशीच्या तशी. चिंधी तेवढी न्हाई.

रिकामा ट्रक घेऊन माघारी निघाला. सबंध घाट डोक्यात एकच. सांगायचं कसं?

बुधवारच्या रात्री गावात आला. मनकर्णा घरी नव्हती. नदीत, पोरीला पुरून वर दगड ठेवला व्हता तिथं बसलेली. सोपान काही बोलायच्या आत तीच बोलली.

"त्येंना कुठं सोडलं, भाऊजी?" आन् तीच म्होरं म्हनली,

"पहाटं येऊन गेले ते. मला उठवलं बी न्हाई. पोरीलाच भेटले."

तिनं दगड बाजूला केला. खाली हिरवी चिंधी. पिळली तर पानी निघंल येवढी ओली. भवतीनं वाळू कोरडी. पाऊल न्हाई, काही न्हाई.

सोपान तिच्याम्होरं बसला. "वहिनी, कोंडीराम..."

मनकर्णानं चिंधी उचलली. व्हटाला लावली. थांबली. जिभेनं पुन्हा एकदा चाखली.

"सांगू नका," म्हनली.

चिंधी खारट व्हती.