जर्मनचा पेला

भुतं रात्रीच येतात असं वाटणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ही घटना भर दुपारची आहे आणि खरी आहे. माझी आत्या चांगुणा थापा मारणाऱ्यांतली बाई नव्हती.

१९७३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. जामखेडच्या पुढे आडबाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून बाळंतपणं होतात. गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्यात आत्या नर्स होती. नवरा वारलेला, पदरी मूल नाही. कोल्हारचं हिरवंगार माहेर सोडून ती त्या उजाड माळावर येऊन पडली होती.

त्याआधीच्या उन्हाळ्यात तिथल्या दुष्काळी कामावर पटकीची साथ आली होती. बाळंतपणाची खोली रिकामी करून तिथंच पटकीचे पेशंट ठेवले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. खडी फोडायला आलेली. नातलग कुणी नाही, नावही कुणाला ठाऊक नाही. तिच्यात बोलायची ताकद उरली नव्हती. पाणी हवं असलं की ती जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची.

टण... टण...

शेजारच्या खाटेवर कुणाला उलटी झाली तरी तीच वाजवायची. आत्या धावत जायची.

एका पहाटे म्हातारी गेली. तिची वाकळ आणि पेला चुन्याच्या खड्ड्यात पुरून टाकला.

साथ ओसरली. डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. ते बजावून गेले, "सिस्टर, पहिलं बाळंतपण सुखरूप झालं पाहिजे. काही बरंवाईट झालं तर या खोलीत पुन्हा कुणी पाय ठेवणार नाही."

आत्यानं भिंतींना चुना दिला. फरशी ब्लीचिंग पावडरनं घासली. चादरी उकळल्या. खाटा उन्हात तापवून त्यांना पांढरा रंग मारला.

पण कुणी फिरकलंच नाही. बाया घरीच बाळंत होत होत्या. एक तर त्यातच दगावली. दवाखान्याच्या आयेनंही काम सोडलं. आत्या दिवस दिवस एकटी बसून राहायची.

आणि एका दुपारी, त्या रिकाम्या खोलीतून...

टण.

आत्या गेली. आत कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या खाटेच्या दांडीवरचा नवा रंग तेवढा उडाला होता. तिनं पुन्हा रंग मारला. दुसऱ्या दुपारी पुन्हा आवाज... पुन्हा टवका.

शेवटी तिनं उठून बघणं सोडलं. भीती वाटायची का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वाटायची. पण एखाद्या दुपारी आवाज आला नाही तर जास्त वाटायची. दुसरं होतंच कोण मला?"

मग एक दिवस बैलगाडीतून कडूबाई आली. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. तिची सासू बनुबाई बाहेर लिंबाखालीच बसली.

"म्या न्हाई यायची आत. लई मान्सं मेली हितं."

"मावशी, सगळं धुऊन-पुसून घेतलंय मी."

"सुनंला काय झालं, तर माज्या पोराला तुमीच सांगा मंग."

मुलगी झाली. खणखणीत रडली. आत्याचा जीव भांड्यात पडला. बाळ दुपट्यात गुंडाळून तिनं आजीच्या हातात दिलं. कडूबाईला दाराजवळच्या खाटेवर निजवलं आणि मागच्या खोलीत स्टोव्हवर अवजारं उकळायला ठेवली.

टण... टण...

"आज नको गं," आत्या पुटपुटली.

टण टण टण टण...

म्हातारीनं इतक्या घाईनं कधीच वाजवलं नव्हतं. आत्या वैतागून उठली.

कडूबाई पांढरीफटक पडली होती. खाटेखाली रक्ताचं थारोळं.

आत्यानं इंजेक्शन दिलं. ओटीपोट चोळत राहिली, हात भरून आले तरी चोळत राहिली. उन्हं कलली तेव्हा कुठं रक्त थांबलं.

कडूबाईनं डोळे उघडले.

"बाई, ती म्हातारी कुटं गेली?"

"कोण म्हातारी?"

"माज्या उशाशी हुती की. पेला आपटत हुती. म्या म्हनलं, आजी, गप ऱ्हा, मला झोप येतीया. तर नुसती मान हालवली... आन् आपटतच ऱ्हायली."

आत्यानं कोपऱ्यातल्या खाटेकडं पाहिलं. तिथला रंग शाबूत होता.

टवका कडूबाईच्या खाटेला पडला होता. उशाशी.

त्यानंतर बाया यायला लागल्या. खोली बाळांच्या रडण्यानं भरून गेली. तो आवाज मात्र पुन्हा कधी आला नाही. आत्यानं बदली होईपर्यंत त्या कोपऱ्यात रोज पाणी भरून ठेवलं. ते कधी कमी झालं नाही. "तहान असेल तर वाजवत का नाही ती?" आत्या म्हणायची.

आत्या शेवटी आमच्याकडेच होती. अंथरुणाला खिळलेली, दोन्ही हात गोधडीखाली. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आणि तिच्या खोलीतून...

टण... टण टण टण...

मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. आत्याचे ओठ हलत होते. चमच्यानं पाणी घातलं. तेवढं तिनं गिळलं, आणि गेली.

मी वेळेवर पोहोचले, म्हणून सगळे मला भाग्यवान म्हणतात.

आत्याची खाट लाकडी होती.