दोघांपुरता तंबू

चेतना तायडे मुलुंडला गेली ती फक्त एक जुना तंबू आणायला. रविवारची सकाळ होती, डिसेंबरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं, आणि घाटकोपरहून ती मुद्दाम सायकलनेच निघाली होती. तेवढाच सराव.

दहा दिवसांनी ती निघणार होती. बोटीने मांडवा, तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने गुहागर. सहा दिवस, एकटी, आणि मुक्काम जिथे जागा मिळेल तिथे तंबूत. एकतीस वर्षांच्या आयुष्यात ती एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. अकोल्याला जायचं तरी मामा स्टेशनवर हजर. म्हणून या सहलीसाठी ती आईशी, चंपाबाईंशी, तीन आठवडे भांडली होती. शेवटी आई म्हणाली होती, "जा बाई. पण रोज संध्याकाळी फोन नाही आला, तर मी स्वतः निघीन तुला शोधायला."

तंबूची जाहिरात सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दिसली होती. विकणारे नंदकिशोर आठल्ये इमारतीच्या फाटकापाशीच तंबूची पिशवी घेऊन उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, दाढी मात्र दोन दिवसांची. त्यांनी तिला वर बोलावलं नाही. बोलताना सारखं दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघत होते.

"एकदाच वापरलाय. मी स्वतः धुतलाय."

"तुम्ही जाता सायकलने?"

"मुलाचा आहे. त्याला आता… लागत नाही." त्यांनी पिशवी जवळजवळ तिच्या हातात कोंबली. "आणि हे बघा, नाही आवडला तर कुणाला देऊन टाका. इथे परत आणू नका. प्लीज."

जुन्या वस्तू विकताना माणसं जरा अवघडतातच, असं म्हणून तिने पिशवी कॅरिअरला बांधली.

लॅबमधला तिचा सहकारी हर्षद दोनदा कोकण सायकलने करून आला होता. याद्या त्याच्याच होत्या. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हवेचा पंप, घडीचा चाकू, डोक्याला लावायचा दिवा. यादीच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, "तंबू आधी घरी लावून बघ. झिप बंद करून तासभर आत पड. काही जणांना आत कोंडल्यासारखं होतं. ते किनाऱ्यावर कळण्यापेक्षा घाटकोपरला कळलेलं बरं."

त्याच दुपारी साडेतीनला ती वॉचमनकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेली. पंतनगरातली त्यांची नवी इमारत चौदा मजल्यांची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कुणीतरी वाळत घातलेल्या गोधड्या. सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येईनात, म्हणून तिने ताणाच्या दोऱ्या पाण्याने भरलेल्या बादल्यांना बांधल्या. तंबू उभा राहिला. नारिंगी, बुटका, दोघांपुरता. दोन पावलं मागे जाऊन तिने त्याचा फोटो काढला आणि हर्षदला पाठवला. "झकास!" असं त्याचं उत्तर लगेच आलं.

यादीतल्या सामानाच्या पिशव्या आत घेऊन ती रांगत शिरली आणि तिने झिप लावली.

आत सगळं नारिंगी होतं. उन्हाने तापलेल्या कापडाला रेनकोटसारखा वास येत होता. हात डोक्याखाली घेऊन ती पडून राहिली. बाहेर हायवेची एकसारखी घरघर चालू होती, आणि दर दोन-तीन मिनिटांनी उतरणारं विमान इतकं खालून जात होतं की कापड थरथरायचं. तिला बरं वाटलं. इथे कुणी तिला काही विचारणार नव्हतं. जेवलीस का, पोचलीस का, कुणाबरोबर आहेस. दहा दिवसांनी असंच पडायचं, फक्त बाहेर समुद्र असेल.

डोळा लागला असावा. जागी झाली ती विमानांच्या आवाजाने नव्हे, तो आवाज थांबल्यामुळे.

हायवे मात्र ऐकू येत होता. ती ऐकत राहिली. घरघर जवळ यायची, पसरायची, मागे सरायची. पुन्हा जवळ यायची. हायवे असा मागे सरत नाही, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.

नारिंगी उजेड राखाडी झाला होता. रेनकोटचा वास जाऊन ओल्या वाळूचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास भरला होता. "ढग आले असतील," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. खूप झालं म्हणून ती उठून बसली आणि झिपला बांधलेली छोटी दोरी धरून तिने ओढली.

झिप सुरळीत चालली. खालून वर, वरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला खाली. पण दोरी पुढे जाई तसं मागचं कापड पुन्हा मिटत होतं. तिने उलट ओढली. तेच. तिसऱ्यांदा तिने एका हाताने दोरी ओढली आणि दुसऱ्या हाताची बोटं फटीत घालायला गेली. फट नव्हतीच. दात एकमेकांत गच्च बसलेले, जणू ते कधी उघडलेच नव्हते.

घामाने तिची पाठ भिजली. हर्षदने सांगितलेलं हेच असणार, कोंडल्यासारखं होतं ते. तिने दहा आकडे मोजले, श्वास घेतला आणि त्याला फोन लावला.

"हर्षद, अरे ही झिप अडकलीय…"

"मोठ्याने बोल ना यार. पाण्याचा आवाज केवढा येतोय! कुठे आहेस तू? जुहूला गेलीस काय?"

"गच्चीवर आहे रे. घरी. ऐक ना, आईला फोन करून सांग, वर…"

"चेतना?" त्याचा आवाज बदलला. "तुझ्याबरोबर कोण आहे गं?"

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही. आईचाही लागला नाही.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. सिमेंटवर वाजतात तशी नव्हेत. पाण्यातून कुणी पाय ओढत चाललं की होतो, तसा आवाज. तो तंबूला एक फेरी घालून दाराशी थांबला.

"आत कोण आहे?" एका तरुणाचा आवाज. दबका, थंडीने काकडलेला.

कुणीतरी आलं, एवढ्यानेच ती रडायच्या बेतात आली. "मी तायडे, सातव्या मजल्यावरची. झिप अडकलीय हो. बाहेरून उघडता का?"

"सापडत नाहीये…" आवाज म्हणाला. "मीपण तीच शोधतोय. पाणी कुठवर आलंय बघायला बाहेर पडलो. परत आलो… तर दारच नाही."

चेतनाने दारावरचा हात मागे घेतला.

"तुमचं नाव काय?"

"देवदत्त. देवदत्त आठल्ये. तंबू माझा आहे हा."

तिने तोंडावर हात दाबून धरला. तंबूची जमीन तिच्या गुडघ्यांखाली हळूच उचलली गेली आणि खाली बसली. खालून पाणी सरकल्यासारखी.

"भरती आलीय," बाहेरचा म्हणाला. "मांड्यांपर्यंत आलं… आत घ्या ना मला. दोघांना जागा आहे."

दाराच्या कापडावर एक पंजा उमटला. पाच बोटं, तळवा. मग दुसरा. दोन्ही पंजे कापड चाचपत हळूहळू वर चढू लागले, आंधळ्या माणसाने भिंत चाचपावी तसे. जिथे ते टेकत तिथे कापड ओलं होत होतं.

चेतनाने पिशवीतून चाकू काढला. समोरचं कापड कापलं तर तो आत येणार होता. एखादा बुडणारा माणूस असा दारात उभा असेल तर त्याला हात द्यावा, हे तिलाही कळत होतं. पण ती मागे सरकत गेली, पाठ मागच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि वळून तिने त्या बाजूला चाकू खुपसला.

कापड फाटल्याचा आवाज त्याने ऐकला असावा.

"जाऊ नका," तो म्हणाला. रडत होता. "कुणीतरी आत राहा हो… आत कोणी असलं तरच मला तंबू दिसतो…"

ती डोकं आधी घालून त्या फटीतून बाहेर पडली.

ऊन डोळ्यांत घुसलं. डोक्यावरून विमान जात होतं. गोधड्या तशाच वाळत होत्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दाराच्या बाजूला जायचा धीर होईपर्यंत दोन विमानं आणखी गेली. मग ती गेली. कोणी नव्हतं, सिमेंट कोरडं होतं, आणि झिप एका बोटाने ओढल्यावर उघडली.

आठल्यांनी फोन उचलला नाही. रिक्षा करून ती तशीच मुलुंडला गेली. परत आणू नका म्हणाले होते, पण तो तंबू आपल्या घरात ठेवणं तिला शक्य नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दार त्यांच्या बायकोने उघडलं. शुभाताईंनी आधी पिशवी पाहिली, मग तिला.

"हे म्हणाले, चोरीला गेला," त्या म्हणाल्या.

नंदकिशोर आतून आले आणि खुर्ची धरून उभे राहिले. मग तुटक-तुटक सगळं बाहेर आलं. चार वर्षांपूर्वी देवदत्त पहिल्यांदाच एकटा सायकलवर निघाला. तिसऱ्या सकाळी किनाऱ्यावर सायकल सापडली, स्टँडवर नीट लावलेली. तंबू सापडला, आतून बंद. देवदत्त सापडला नाही. तंबू घरी आल्यापासून शुभाताई रोज दुपारी तो हॉलमध्ये लावून आत बसत.

"मी काय करायचं होतं?" नंदकिशोर म्हणाले. "जेवायलाही बाहेर यायची नाही. म्हणून विकला."

चेतनाला खोटं सांगता आलं असतं. झिप बिघडली, कापड फाटलं, एवढंच. पण शुभाताई तिच्या चेहऱ्याकडे अशा बघत होत्या की तिने सगळं सांगितलं.

त्या शांतपणे ऐकत राहिल्या. "तुझ्याशी बोलला? चार वर्षं बसतेय मी. मला कधी हाक ऐकू आली नाही." मग त्यांनी विचारलं, "घेतलंस आत?"

"नाही," चेतना म्हणाली.

"बरोबर आहे. तू कशाला घेशील. तू त्याची कोण." त्यात राग नव्हता. पिशवी उघडून त्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "शेवटी काय म्हणाला ते पुन्हा सांग."

चेतनाने पुन्हा सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, हे सांगू नये. नंदकिशोर मान हलवून नको, नको म्हणत होते.

बुधवारी संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला.

"शुभाने फाटलेलं शिवलं," ते कुजबुजत म्हणाले. "सकाळी तंबू लावला आणि आत गेली. अजून आतच आहे."

"हाक मारा ना त्यांना."

"मारली. ओ देते. पण… आत दोघं बोलतायत हो."

चेतना लॅबच्या जिन्यात उभी होती. तिने कठडा धरला. "काका, कात्री घ्या. कापून काढा त्यांना. आत्ता. मी येते."

"घेतलीय कात्री. हातातच आहे. पण ती आतून म्हणाली, 'अहो, कापू नका. आम्ही सरकून घेतो, तुम्हीपण या.'" मग जरा मोकळ्या आवाजात म्हणाले, "देवदत्तपण तेच म्हणतोय."

"काका, जाऊ नका… काका!"

झिप उघडल्याचा आवाज आला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो पुन्हा आला, आणि फोन बंद झाला.

ती पोचली तेव्हा शेजारी दार वाजवत होते. शेवटी कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं. हॉलमध्ये तंबू उभा होता, आतून बंद. अठ्ठावीस नंबरमधल्या गृहस्थांनी शिवणीवरून कात्री चालवली आणि कापड बाजूला केलं. आत कोणी नव्हतं. पोलिसांनी पुढे खूप शोध घेतला, पण आठल्ये नवराबायको कुठेच मिळाले नाहीत. जिन्यातल्या कॅमेऱ्यात ते बाहेर पडतानाही दिसले नाहीत.

चेतनाने सायकल त्याच आठवड्यात लॅबमधल्या एका मुलीला देऊन टाकली. आईने कारण विचारलं नाही. मुलगी घरातली दारं हल्ली उघडी ठेवून झोपते, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

पण त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या खांद्यावरून चेतनाने तंबूत जे पाहिलं, ते तिने आईलाही सांगितलेलं नाही. दोघांपुरत्या त्या तंबूत चार अंथरुणं मावली होती, एकाला एक लागून. तिघांवर कुणी झोपून उठल्याच्या सुरकुत्या होत्या. चौथं कोरं होतं. त्याच्या चादरीचा कोपरा तेवढा उलटून ठेवला होता, येणाऱ्या माणसाला आत शिरायला सोपं जावं म्हणून.