छत्तीस आऱ्यांचं चाक

भंगाराच्या ढिगातून एकच वस्तू दोघांनी एकदम ओढली, तर ती कुणाची? तिच्या मते तिची. तिने ती पुढच्या बाजूने धरली होती, आणि समोरच्या माणसाच्या हातात नुसतं शेपूट आलं होतं.

वस्तू म्हणजे सायकलचा सांगाडा. चाकं नाहीत, सीट नाही, चेन नाही. रंग पार उडालेला. पण नळ्या जिथे एकमेकींना जोडल्या होत्या, तिथे कुणीतरी कानशीने घासून पानांसारखी नाजूक नक्षी काढली होती. तिचा जीव त्या नक्षीवर जडला. त्याचाही बहुतेक तिथेच अडकला असावा, कारण तो सोडेना.

“मी आधी पाहिला,” ती म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सांगाड्याकडे, आणि हात काढून घेतला. जाता जाता पुढच्या दांड्यांवरून अंगठा फिरवला. “फोर्क मागे गेलाय. कधीतरी समोरून धडक बसलीय,” एवढंच बोलला आणि गेला.

आता यावर कुणालाही वाटेल तेच तिलाही वाटलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय! तिने ऐटीत सांगाडा विकत घेतला, खांद्यावर टाकला, आणि मग भंगारवाल्याला विचारलं की याची सायकल कोण करून देईल. भंगारवाला तोंडातल्या तोंडात हसला. या भागात हे काम करणारा एकच कारागीर आहे, म्हणाला, आणि तुम्ही आत्ता त्याच्याच हातातून ओढून घेतलंत.

झाली का पंचाईत... दोन दिवस तो सांगाडा तिच्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला. आईने येता-जाता दोनदा ठेच खाल्ली आणि तिसऱ्या वेळी बजावलं, की एक तर याला चाकं लाव नाही तर मला पंख लाव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मान खाली घालून कारागिराच्या दारात उभी राहिली. फोर्क खरंच मागे गेला होता. तिने पट्टी लावून पाहिलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला सायकलींचे सांगाडे टांगलेले, भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगाने काढलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनही कळावं. मागे पडदा, आणि पडद्याआड त्याची ताई. रंगाचं सगळं काम तिचं. ताईने पडद्यातून डोकं बाहेर काढलं, सांगाडा पाहिला, मुलगी पाहिली, आणि म्हणाली, “म्हणजे ही ती. घरी येऊन दोन दिवस हा सांगाड्याबद्दलच बोलत होता. आमचा मुक्या दोन दिवस एखाद्या विषयावर बोलला, हीच बातमी आहे.”

मुक्या म्हणजे तो. नाव अगदी शोभत होतं.

तिने सरळ सांगून टाकलं. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समुद्राकाठच्या गावात त्या दुकानाची नवी शाखा निघतेय आणि ती चालवायला तिला पाठवताहेत. सहा वर्षं याच संधीची वाट पाहिली. महिनाअखेरीला जायचंय, आणि जायचं ते स्वतःची सायकल घेऊन. होईल का तोवर?

“होईल,” तो म्हणाला. “पण बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी यावं लागेल. सायकल माणसाच्या मापाने बांधतो मी. माणूस समोर लागतो.”

मग मापं झाली. पायाचं माप ताईने घेतलं, हाताचं त्याने. खांद्यापासून बोटापर्यंत टेप धरताना तो इतका जपून उभा होता, की टेप तिच्या बाहीला लागतोय की नाही असं झालं. तिला हसू आलं. तिचं कामही मापाचंच होतं, आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

“आता मी घेते तुमचं,” ती म्हणाली. पर्समधली छोटी पट्टी काढली. “हलू नका. माझ्या नाकाकडे बघा... नाकाकडे म्हटलं, जमिनीकडे नाही. हं. दोन बुबुळांमध्ये त्रेसष्ट मिलिमीटर. आणि काय हो, बारीक काम करताना डोकं दुखतं ना? डोळे बारीक करता तुम्ही.”

“दुखतं,” तो म्हणाला. कान लाल झाले होते.

तिने त्याला आपल्या दुकानात बोलावून नंबर तपासला, आणि पुढच्या बुधवारी जवळचं बघायचा चष्मा आणून दिला. त्याने तो लावला, हातातला बेअरिंगचा छर्रा दिव्याखाली धरून पाहिला, फिरवून पुन्हा पाहिला. “एवढं स्वच्छ...” म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

असे बुधवार गेले, रविवार गेले. बाहेर भुरभुर पाऊस असायचा, आत ग्रीसचा आणि ओल्या रंगाचा वास. तिने लोखंडी ब्रशने गंज घासला, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे शिकली आणि तरी दोनदा चुकीकडेच पिळलं. फोर्क दुसरा आला. ताईने सांगाड्याला गडद हिरवा रंग दिला आणि नक्षीच्या कडेने केसाएवढी सोनेरी रेघ ओढली. चष्मेवाली अखंड बोलत असायची आणि तो अखंड ऐकत असायचा. मधूनच एखादं वाक्य टाकायचा, आणि ते नेमकं तिने मागच्या आठवड्यात सांगितलेल्या एखाद्या फुटकळ गोष्टीबद्दल असायचं. “ते आजोबा परत आले का, दोन चष्मे एकावर एक लावणारे?” असलं काहीतरी. तिला स्वतःलाही ते आठवायला क्षणभर वेळ लागायचा.

प्रेम कधी झालं म्हणून विचाराल, तर तिलाही सांगता येणार नाही. एका बुधवारी दुकानात जाताना आरशात तिसऱ्यांदा बघितलं, तेव्हा तिचं तिलाच कळलं, की हे सायकलसाठी नाही.

आणि इथेच घोडं अडलं. तो कामात एक दिवस मागे पडेना. दुसरा कुणी असता तर आज चेन आली नाही, उद्या ब्रेक मिळाला नाही असं म्हणत महिना लांबवला असता. हा पठ्ठ्या दिल्या शब्दाला जागणारा. एकेक भाग बसत होता आणि सायकल जितकी पुरी होत होती, तितकं तिचं जाणं जवळ येत होतं. नोकरी सोडायची नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याने काहीच न बोलता “या” म्हणून निरोप दिला, तर? मग ती आयुष्यभर एका सुंदर सायकलवर बसून हळहळत राहणार. आपण विचारावं का? जीभ एवढी चुरूचुरू चालते, पण या एका प्रश्नापाशी आली की लुळी पडते. निदान एखादा नट तरी हरव रे बाबा, असं ती मनात म्हणायची.

शेवटच्या रविवारी फक्त पुढचं चाक राहिलं होतं. छत्तीस आरे बाकावर ओळीने मांडलेले. तो स्टुलावर बसून पहिला आरा ओवायच्या तयारीत होता आणि ती समोर बसून आपण बांधाबांध कशी केली ते सांगत होती.   “मंगळवारी सकाळी निघते मी,” ती म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं, पण ती बाकावरचे आरे सरळ करत बसली.

“हं,” तो म्हणाला. हात क्षणभर थांबले, पुन्हा चालू लागले.

तासाभरात चाक झालं. त्याने ते फिरवून आऊट, म्हणजे चाकाचा डुगडुगाट, काढला, टायर-ट्यूब चढवली आणि हवा भरायला तिच्या हातात पंप दिला. तिने पंपाचं तोंड व्हॉल्ववर बसवायचा प्रयत्न केला. बसेना. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. दोन आरे नेमके व्हॉल्वच्या डोक्यावर एकमेकांना फुली मारून उभे होते, आणि मध्ये बोट जाईल एवढीही जागा नव्हती.

“ताई,” तिने हाक मारली, “हे असंच असतं का?”

ताई ब्रश हातात घेऊनच आली. चाक पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग श्वास घेत समजावून सांगितलं. व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंचे आरे एकमेकांपासून लांब जायला हवेत, म्हणजे पंपाला जागा राहते. पहिलाच आरा एक भोक सोडून घातला, की सगळं चाक एका घराने सरकतं आणि फुली व्हॉल्ववर येते. ही चूक शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो, एकदाच करतो, आणि जन्मभर लक्षात ठेवतो. “चौदा वर्षं चाकं बांधतोय हा,” ताई म्हणाली. “डोळे मिटून बांधली तरी चुकायची नाहीत.”

तो चाक हातात घेऊन उभा होता. चेहरा असा, की घरातली बरणी फोडून सापडलाय. “चष्म्यामुळे असेल,” तो पुटपुटला. “अजून सवय नाही...”

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. प्रेम एका बाजूला आणि धंद्यातली अब्रू एका बाजूला. “चष्म्याचं नाव काढायचं नाही,” ती म्हणाली. “नंबर मी स्वतः तपासलाय, दोनदा. तुम्हाला त्या चष्म्यातून मुंगीचे पाय मोजता येतील. चष्मा ठीक आहे. लक्ष कुठे होतं?”

ताई उठली. रंग वाळत असेल, म्हणाली, आणि पडद्याआड गेली. पडदा नीट लावला, तेही आवर्जून.

 त्याने चाक बाकावर ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि थेट तिच्याकडे बघितलं.

“तू मंगळवार म्हणालीस,” तो म्हणाला. “आणि मला पुढचं काही दिसेना. हात आपले चालले होते. मी... मला जमत नाही बोलायला. महिनाभर रोज ठरवतोय. तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं वाट बघितलीस, आणि ही सायकल मी जाण्यासाठीच बांधलीय. पण तू मला आवडतेस. खूप. एवढं कळू दे आणि मग जा.”

एवढं सलग तो उभ्या जन्मात बोलला नसेल. आणि जिच्या तोंडाला कधी खळ नव्हती, ती आता नुसती उभी.  हातात पंप होता, तो कुठे ठेवावा तेही सुचेना.

“आता तू बोल,” तो घाबरून म्हणाला. “तू गप्प बसलीस की भीती वाटते.”

“मलाही,” ती म्हणाली. “केव्हाचं. तुझ्या आधीपासून असेल.” मग डोळे पुसले. ग्रीसचा हात होता, गालावर काळा फराटा उमटला. “पण समुद्राकाठचं गाव सत्तर किलोमीटर आहे.”

“पहाटे पाचला निघालं की होतं. रविवारी ताई दुकान बघेल.”

“बघेन,” पडद्याआडून आवाज आला.

तो हसला. तिने त्याला असं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने पाना उचलला आणि चाकाचे आरे एकेक करून सैल करायला घेतले, कारण चूक गोड असली तरी असं चाक तो कुणाला देणार नव्हता. ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. इतकी शेजारी, की कोपराला कोपर लागत होतं.

“किती वाजता पोचशील?” तिने विचारलं.

“नऊ. वारा समोरून असला तर साडेनऊ.”

“साडेनऊ धरते मी,” ती म्हणाली. “पण ये. येशील ना?”

“दर रविवारी,” तो म्हणाला, आणि निघालेला पहिला आरा तिच्या हातात दिला.